अकरा खांब

रास अल् मिल्हला उतरलो तेव्हा
गाव म्हणजे एक दुकान, दोन विहिरी,
त्यातली एक खारी.
पाणी विकायचा दाद मुहम्मद बलुची,
गाढवावर रॉकेलचे चार डबे,
डब्याला दोन आणे.
रुपया आपलाच चालायचा तिथे,
नोटेचा रंग तेवढा वेगळा.

लीलाधर भाटियाच्या दुकानात
पुढे तांदूळ, सुकं लिंबू, दोरखंड;
मागे बँक.
म्हणजे एक ट्रंक,
आणि ट्रंकेवर बसलेले मुनीम वल्लभजी,
जे जेवायलाही तिच्यावरून उठत नसत.
पोस्टही तिथेच. खजुराच्या टोपलीत पत्रं टाकलेली,
ज्याचं त्याने शोधून घ्यावं.
आईचं पत्र मला नेहमी चिकट मिळायचं.

सालिम बिन हमूदच्या बापाचा मोत्यांचा धंदा बुडालेला.
त्याने बर्फ करायचं ठरवलं.
बर्फाला वीज हवी, विजेला मी:
वेंगुर्ल्याचा वायरमन, लायसन तिसऱ्या वर्गाचं.
इंजिन होडीतून उतरवताना पाण्यात पडलं,
चौदा माणसांनी चार भाषांत शिव्या घालत
ते वर काढलं,
आणि ते सुरूही झालं, याचं मला अजून नवल आहे.

बारा खांब आले. भांडण वर्षभर पुरलं.
मशिदीला एक, बाजाराला एक, इथवर सगळे गप्प.
तिसरा न्हाव्यापाशी,
कारण दातही तोच काढायचा
आणि कंदिलाच्या उजेडात त्याने एकदा भलताच काढला होता.
घुलाम इराणी म्हणाला, माझ्या भट्टीपाशी नको,
उजेडात लोक पाव निवडत बसतील.

मग दवाखाना आला,
म्हणजे एलियाम्मा आली, एक पेटी घेऊन.
शाळा आली. फोन आले, दोनच,
त्यामुळे नंबर कुणी विचारत नसे.
पोरं मला अबू नूर म्हणू लागली, उजेडाचा बाप.
घरी मुलगी झाली होती त्या साली.
टोपलीतल्या पत्रातून कळलं,
आणि नावाच्या अक्षरांवर खजूर चिकटलेला.

ऑगस्टात वल्लभजी गेले. ट्रंकेवरच.
तोवर गावात सगळं झालं होतं,
म्युनिसिपालिटीचा शिक्काही तयार होता.
आमच्यातलं कुणी मरेल
ही सोय तेवढी राहून गेली होती.
लीलाधरशेठ नुसता दारात उभा,
हातात किल्ल्या.

सालिम आला. मिठागराच्या पलीकडे हात लांब केला,
तिथे, म्हणाला.
लाकूड?
त्या मुलखात उगवतं काय, काटे.
त्याच्या बापाचं गलबत किनाऱ्यावर तडकत पडलेलं,
फळी न् फळी सागाची.
घ्या, म्हणाला, तुमच्याच बाजूचं आहे.
कुऱ्हाड पहिली त्यानेच घातली
आणि मग तो तिथे थांबला नाही.

वर्षानुवर्षं मुशीचं तेल प्यालेला साग.
पेटवायला तुपाची गरज पडली नाही.
मंत्र कुणाला धड येत नव्हता.
मला सत्यनारायणाची आरती पाठ होती, ती गिळून टाकली.
दाद मुहम्मदने चार डबे पाणी आणलं, गोड विहिरीचं,
पैसे घेतले नाहीत, आणि तसं बोललाही नाही.

बारावा खांब वहीत मी 'तडा गेलेला' लिहिला.
रात्री तिघांनी तो मिठागरापलीकडे रोवला,
उरलेली तार जोडून जोडून नेली,
चाळीसचा बल्ब.
वारा आला की आख्ख्या गावाचा उजेड
एकदा डोळा मिटायचा,
त्या जोडांमुळे. मला ठाऊक होतं, मी बोललो नाही.

चार वर्षांनी बड्या शहरातून इंजिनीयर आला,
नकाशा, छत्री, गॉगल.
वहीत अकरा, मोजले तर बारा.
हा कशाला? इथे कोण राहतं?

सालिमने जीप थांबवलीसुद्धा नाही.
बँकेचा माणूस, म्हणाला.

इंजिनीयरने तिथे ठिपका काढला.
मीटर कुठे, असं काही विचारलं नाही.